दस्तीमामाने धरलेल्या जागा

दस्तीमामाचा नेम कधी चुकत नसे. एस.टी. स्थानकात शिरून थांबायच्या आतच तो खिडकीतून दस्ती फेकायचा आणि ती तिघांच्या बाकावर नेमकी मधोमध पडायची. हातरुमालाला आमच्या मुखेडकडे दस्ती म्हणतात. नुसते कापड हवेत फुलून वाटेतच खाली येते, म्हणून त्याने तिच्या एका टोकाला सुपारी बांधलेली असे. वस्तुमान आणि हवेचा विरोध पुढे पाठ्यपुस्तकात भेटले, तेव्हा ते मला त्या सुपारीमुळे आधीच ओळखीचे होते.

हा माझ्या आईचा थोरला भाऊ. मुखेडजवळच्या खेड्यात त्याची शेती होती. पण घरातले कुणीही गावाला निघाले की हातातले काम टाकून तो स्थानकावर हजर व्हायचा. त्याचे खरे नाव पाहुण्यांच्याही लक्षात राहिले नव्हते. लग्न असो, बाळंतपण असो, की माळेगावची जत्रा, आई आधी विचारायची, "दादाला सांगितलं का? जागा कोण धरणार?"

गर्दी जास्त असली की दस्ती पुरत नसे. मग तो आम्हा भावंडांपैकी एकाला खिडकीतून आत सोडायचा. सर्वांत किडकिडीत मी असल्याने निवड बहुधा माझीच होई. काखेत हात घालून मला उचलताना तो सूचना देत असे : "आडवी पड. पाय लांब कर. कुणी वरडलं तरी उठायचं न्हाई. मी आल्याबिगर उठायचं न्हाई!" बाकावर अशी आडवी पसरून मी भल्याभल्यांचा सामना केला आहे. एकदा टोपलीत कोंबड्या घेऊन चढलेल्या एका बाईंनी मला दरडावले, "ए पोरी, गाडी काय तुझ्या बापाची हाय का?"

"न्हाई, मामाची हाय!" मी पडल्यापडल्याच उत्तर दिले. सगळी गाडी हसली. त्या बाईही हसल्या आणि टोपली घेऊन माझ्या पायांशी, खालीच बसल्या.

तेवढ्यात मामा वर आला आणि त्याने मला उठवून त्याच बाईंना बाकावर बसवले. हे त्याचे नेहमीचेच होते. एवढ्या खटपटीने मिळवलेल्या तीन जागांतली एक तो हमखास कुणाला तरी देऊन टाकायचा. कधी तान्ह्या मुलाच्या आईला, कधी काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्याला. आई चिडायची. "दादा, द्यायचीच होती तर धरली कशाला?"

"धरली म्हणून तर देता आली," मामा म्हणायचा आणि स्वतः दांडीला लटकून उभा राहायचा.

जागा धरण्यामागे त्याचा एक सिद्धांतही होता. गाडीची पाटी शेवटच्या क्षणी लागते. तोवर थांबणारा माणूस उभ्यानेच जातो. म्हणून पाटी नव्हे, ड्रायव्हर पाहायचा. "मिशीवाला दिसला की लातूर. चष्मेवाला नांदेड. पाटी काय बघून राहिले?" अनेक वर्षे हा सिद्धांत खरा ठरला. तो खोटा ठरला एकदाच, आणि नेमका माझ्या वेळी.

दहावीनंतर मला लातूरला जाऊन विज्ञान शिकायचे होते. ज्या महाविद्यालयावर माझे मन बसले होते, त्याची प्रवेशपरीक्षा एकच दिवस होती. वडील तहसीलमध्ये कारकून होते. मुलीला एवढ्या लांब ठेवायला ते मनातून राजी नव्हते. पण नाही म्हणण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी अट घातली : "पास झाली तर लातूर. न्हाई तर हितंच शिकायचं, मग पुन्हा विषय काढायचा न्हाई." मला सोडायला मामा निघाला.

सकाळी गाडी स्थानकात वळली. मामाला मिशी दिसली. एरवी त्याने दस्ती टाकली असती. पण परीक्षेच्या दिवशी जोखीम नको, अधिक भक्कम काहीतरी हवे, असे वाटून त्याने माझ्या हातातली पिशवीच खिडकीतून आत टाकली. पिशवीत पेन, डबा आणि प्रवेशपत्र होते. "धरली! चल, आता निवांत चहा पिऊ."

आम्ही चहा पीत असताना मिशीवाल्याने गाडीला उदगीरची पाटी लावली. त्या दिवशी त्याची ड्यूटी बदलली होती. आम्ही पाहिले तेव्हा गाडी फाटकाबाहेर गेली होती.

मामाचा चेहरा तसा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. बशी त्याच्या हातात तशीच राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मग त्याने बशी ठेवली, खिशातले पैसे माझ्या मुठीत कोंबले आणि नुकत्याच लागलेल्या लातूरच्या गाडीत मला ढकलले. "तू जा. पिशवीचं मी बघतो."

"कार्डाबिगर बसू देणार न्हाईत, मामा!"

"तू जागा धर. मी येतो."

अहमदपूर, चाकूर करत मी लातूरपर्यंत उभ्याने गेले. आयुष्यातला तो माझा पहिला एकटीचा प्रवास. परीक्षेचा क्रमांक पाठ होता. केंद्रावर मी त्या क्रमांकाचा बाक शोधला आणि बसले. पर्यवेक्षक बाई आल्या.

"प्रवेशपत्र?"

"येऊन राहिलंय."

"कुठून?"

"उदगीरहून."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "ऊठ. बाहेर जा."

मी उठले नाही. धीर म्हणावा असे माझ्यात काही उरले नव्हते. पण लहानपणापासून अंगात मुरलेली सूचना एकच होती आणि ती मी पाळली. बाई दुसऱ्यांदा ओरडल्या. मी बाक दोन्ही हातांनी धरला, झाले ते सगळे सांगितले आणि एवढेच म्हणाले, "मॅडम, मामा आल्याशिवाय मला उठता येणार नाही." बाईंनी त्यांच्या यादीतला माझा फोटो पाहिला, मला पाहिले आणि शेवटी प्रश्नपत्रिका ठेवली. शेजारच्या मुलीने पेन दिले. पेपर संपायच्या आत प्रवेशपत्र आले नाही, तर उत्तरपत्रिका रद्द होणार होती.

शेवटची गणिते सोडवत असताना खिडकीतून काहीतरी आले आणि बाईंच्या टेबलावर मधोमध पडले. दस्ती होती. एका टोकाला सुपारी, आत घडी घातलेले प्रवेशपत्र. खिडकीबाहेर मामा उभा होता, धुळीने माखलेला. वॉचमनने त्याला दारातून सोडले नव्हते. कुणाची तरी मोटारसायकल मागून घेऊन उदगीर आणि तिथून जीपने लातूर, असा तो आला होता.

"हे कोण?" बाईंनी विचारले.

"मामा."

बाईंनी दस्तीची गाठ सोडली आणि हसू लपवण्यासाठी फळ्याकडे तोंड केले.

परतीच्या गाडीत मामाने पिशवीची हकिकत सांगितली. आपल्या चुकीची खंत एव्हाना विरली होती, उरला होता अभिमान. "कंडक्टर सांगत होता, उदगीरपर्यंत माणसं उभी होती बघ, पण तुझ्या जागेवर कुणी बसलं न्हाई! जागा धरलेली हाय म्हणून."

मी पास झाले. लातूर झाले, मग पुणे. आता संशोधनासाठी परदेशी निघाले आहे. मोठ्या प्रयोगशाळांच्या मुलाखतींत समोरची मंडळी माझ्याकडे साशंकपणे पाहतात, तेव्हा मी मनातल्या मनात पाय लांब करते.

गेल्या महिन्यात मुखेडहून पुण्याला निघाले. जागा मोबाईलवर आरक्षित केली होती. मामाचे गुडघे आता धावू देत नाहीत, तरी काठी टेकत तो स्थानकावर आला. आरक्षणाचे त्याला फारसे कौतुक नव्हते. "घरी बसून जागा धरली? ह्यात काय मज्जा?" मी खिडकीशी बसले. गाडी सुरू झाली आणि माझ्या कानाजवळून दस्ती आत आली. पडली ती माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर.

"मामा, माझी जागा आहे ना! ही कुणासाठी?"

"असू दे," तो खालून ओरडला. "लागंल कुणाला तरी."

चाकूरला गाडी भरली. पाठीवर जड दप्तर घेतलेली एक मुलगी वाट काढत माझ्यापाशी आली. दस्तीकडे पाहून ती थबकली. "ताई, कुणी हाय का इथं?"

मी दस्ती उचलली आणि सुपारीची गाठ मुठीत धरली.

"तूच," मी म्हणाले. "बस."