मोहाच्या हंगामातला ईस्टर

एसटीच्या खिडकीतून आईनं माझ्या मांडीवर एक पुडकं ठेवलं. आत पांढरं पातळ होतं, काठाला निळी रेघ. "ईस्टरला नेस. आणि तिकडं गेल्या गेल्या उपदेश करत सुटू नकोस. आधी शेजारणीला मीठ-मिरची दे, मग प्रभूचं नाव घे," ती म्हणाली. गाडी हलली तरी ती खिडकीला धरून चार पावलं चालली. आमचं नगरकडचं गाव मागं पडलं आणि मी ढसाढसा रडले. हे शेजारी बसून उगाच टाय सारखा करत होते. मास्तरकीची पहिली नेमणूक, म्हणून टाय!

तुम्ही काहीजणी गावातच राहिलात, आणि माझ्यासारख्या काहीजणी नवऱ्याच्या बदलीमागं देश पालथा घालत फिरल्या. दोन्ही तऱ्हेच्या बायांना हे सांगायचं आहे. पन्नास सालानंतरचे ते दिवस. बल्लारशाला रेल्वे सोडली, पुढं लॉरी, नदी डोंग्यातून, शेवटी बैलगाडी. अहेरीच्या अलीकडं जंगलातलं एक गाव. भाताची शेती, तलावातली मासळी आणि चारी बाजूंनी झाडी. साऱ्या पंचक्रोशीत ख्रिस्ती आम्ही दोघंच. आमच्या गावी रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसायला जागा मिळत नसे, इथं मी गायन म्हणे आणि हे एकटे "आमेन" म्हणत.

शेजारी मैनाबाई राहायची. नवरा तलावात जाळं टाकायचा, ही बाजारात मासे विकायची. तोंडाची फटकळ, पण पहिल्याच दिवशी तिनं चुलीत घालायला विस्तव आणून दिला. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची लहानगी नात तापानं गेली. नदीकाठी मसणवटीत पुरली. मैनाबाईचं बोलणंच बंद झालं.

मग ईस्टर आला. आमच्याकडं त्या दिवशी अंधार असतानाच सगळी मंडळी कंदील घेऊन, गायनं म्हणत कबरस्तानात जातात आणि तिथंच सूर्य उगवतो. इथं ख्रिस्ती कबरस्तान कुठलं? मी म्हटलं, मेलेले ते मेलेले, त्यांच्यात कसला भेद. आईचं पांढरं पातळ नेसले, कंदील घेतला आणि आम्ही दोघं नदीकाठी जाऊन गायलो. एवढ्या पहाटे बघणारं कोण असणार, असं मला वाटलं. मोहफुलं रात्रीत गळतात आणि हंगामात अख्खं गाव अंधारातच टोपल्या घेऊन झाडांखाली पोचतं, हे मला ठाऊक नव्हतं. साऱ्या गावानं बघितलं: मास्तरची बायको, नवरा जिवंत असून पांढऱ्या लुगड्यात, कंदील घेऊन, पोरीच्या ताज्या मातीजवळ काहीतरी पुटपुटते आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर आलं नाही. विहिरीवर मी गेले की बाया घागरी उचलून निघून जात. पाटलांनी ह्यांना बोलावून घेतलं. "मास्तर, लोक म्हणून राह्यले, बाई करनी करते. बदली मागून घ्या, तेच बरं." ह्यांनी ट्रंक खाली काढली. मी चूल न पेटवता बसून राहिले. आईला काय सांगणार होते? प्रभूचं नाव घेण्याआधीच ते मी गावाच्या नजरेतून उतरवलं होतं.

संध्याकाळी मैनाबाई दारात उभी राहिली. आत आली नाही.

"खरं सांग मास्तरीनबाई, मसनात काऊन गेलती? माही नात तिथी हाये."

मी घाबरत घाबरत सांगितलं. आमच्या देवाला लोकांनी मारलं. गुहेत ठेवून दारावर धोंडा लावला. तिसऱ्या दिवशी अंधारातच बाया सुगंधी मसाले घेऊन गेल्या, मेलेल्या अंगाला लावायला. बघतात तर धोंडा बाजूला आणि आत कोणी नाही. तो उठला होता.

"बायाच गेल्या? अन् मानसं?"

"दारं लावून घरात बसली होती. भ्याली होती."

"मानसं तशीच," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांवर हसू आलं. मग ती उंबऱ्यावरच बसली. "माही पोर उठंल का वं?"

एवढा सरळ प्रश्न मला कोणत्याही पाळकानं विचारला नव्हता. "उठेल. माझा तेवढाच भरवसा आहे, मैनाबाई," मी म्हटलं आणि मला रडू कोसळलं. ती माझ्यापेक्षा जास्त रडली.

दुसऱ्या पहाटे तिनं मला तिच्या झाडाखाली नेलं. तिकडं मोहाची झाडं घराघरांनी वाटून घेतलेली असतात, परक्याला त्याखाली कोणी वाकू देत नाही. तिनं सगळ्यांच्या देखत माझ्या हातात टोपली दिली. "वेच. अन् तुमी काय पाहून राह्यल्या वं? तिच्या देवाले पह्यले बायांनीच पाह्यलं," ती शेजारच्या झाडाखालच्या बायांवर खेकसली. त्या आठवड्यात पोरं शाळेत परतली, आणि ह्यांनी ट्रंक पुन्हा माळ्यावर टाकली.

गावात कोणाचा बाप्तिस्मा झाला नाही. मैनाबाई शेवटपर्यंत तिच्या देवीला नारळ फोडत राहिली. आई विचारायची, "कोणी प्रभूकडं आलं का गं?" मी म्हणायचे, "येणंजाणं सुरू झालंय."

आता आम्ही शहरात आहोत. ईस्टरला मंडळीची बस दारात येते, कर्णा लागतो, गाणारे ढीगभर. तरी त्या पहाटे मी बसच्या कितीतरी आधी जागी होते आणि दाराकडं कान लावून पडून राहते. कारण त्या गावात पुढच्या ईस्टरला मी झोपूनच राहिले होते. उद्या ईस्टर, एवढं मैनाबाईला बोलले होते, पण पुन्हा मसणवटीत जायची छाती नव्हती. अंधारात दारावर थापा पडल्या. बाहेर मैनाबाई, मागं पाच-सहा बाया, डोक्यावर टोपल्या, आणि तिच्या ओंजळीत नातीसाठी ताजी मोहफुलं.

"ऊठ वं मास्तरीनबाई," ती ओरडत होती, "तुहा देव उठला, अन् तू अजून झोपूनच हायेस!"

कोणी घर कुठं म्हणून विचारलं, की मला तेच दार आठवतं.