राजम्याचं पाणी

यांच्या बदलीमुळे जयपूरला आलो, तेव्हा वैशाली नगरात आमच्या कोपऱ्यावर एक बाई राजमा-चावलची गाडी लावायची. आल्या आल्या भिजलेल्या राजम्याचं पाणी गटारात ओतायची आणि ताज्या पाण्यात राजमा झाकण थडथडेपर्यंत उकळायची.

"सारा सत्त्व फेंक रही हो, भाभीजी!" मी रोज टोकायची. ती झाकण ठेवून शेगडी मोठी करायची.

मी राजमा भिजवलेल्या पाण्यातच शिजवायची, आईची शिकवण. पोट मात्र फुगायचं. कडधान्यातल्या लेक्टिन नावाच्या द्रव्याने असं होतं हे मोबाइलवर वाचून मी त्यावरच्या गोळ्या मागवल्या आणि एकदा ऐटीत तिला डबी दाखवली. तिने ती हुंगली, झाकण घट्ट लावलं, परत दिली.

"जो मैं नाली में फेंकती हूँ, वो आप पी जाती हो. फिर उसी की दवाई खाती हो?"

गाडीभोवतीची माणसं हसली. मला राग आला, पण तिचा नाही.

घरी येऊन डबी कचऱ्यात टाकली आणि राजम्याचं पाणी मोरीत ओतलं.

"अगं, सगळं सत्त्व गेलं!" हे ओरडले.

"जाऊ दे मेलं!"