पवित्रानं फोन खड्ड्याकडं वळवला

आमच्या वरच्या खोलीत पवित्रा राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग, एक कुकर आणि फोन उभा करायचं तीन पायांचं स्टँड, एवढंच सामान होतं. मला वाटलं पोरगी फोटो काढायच्या धंद्यातली असेल. तर म्हणाली, नाही अज्जी, पाण्याच्या ऑफिसात आहे. पाण्याच्या ऑफिसात स्टँडचं काय काम, हे मला पुढं बरेच दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा माझी फजिती करूनच कळलं.

ती भालकीकडची, बिदर जिल्ह्यातली. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि दोन्हीकडं तोंड सारखंच चालणारं. बी.कॉम. करून इकडं बंगळूरला आली आणि बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना झाकणं बसवायच्या मशीनपाशी उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत ती सुपरवायझरच्या चालण्याची नक्कल करायची. मैत्रिणीनं त्याचा व्हिडिओ काढून फोनवर टाकला. तो इतक्या लोकांनी बघितला की शेवटी सुपरवायझरनंही बघितला आणि नोकरी गेली. तोच व्हिडिओ पाण्याच्या ऑफिसातल्या उपेंद्र साहेबांच्या नजरेला पडला आणि त्यांनी हिला बोलावून घेतलं. एकानं ज्यासाठी काढून टाकली, दुसऱ्यानं त्याच्यासाठीच ठेवून घेतली. नोकरी मात्र कराराची. करार पुढं चालू राहिला नाही तर गावी परतायचं आणि बघायला येणाऱ्यांसमोर पोहे घेऊन बसायचं, असं तिच्या वडिलांनी बजावून ठेवलेलं.

उपेंद्र साहेबांचं म्हणणं असं, की लोक नोटीस वाचत नाहीत, रील बघतात, तर सरकारनं रीलमध्ये जावं. त्यात खोटं काही नव्हतं. ऑफिसची नोटीस आमच्या गल्लीतल्या खांबावर सकाळी चिकटायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर पीजीची जाहिरात बसायची. पवित्रा काय करायची, त्या आठवड्यात फोनवर जे गाणं, जी टूम चाललेली असेल तिच्यात आपलं पाणी घुसवायची. कधी मीटर, कधी गळती, कधी गच्चीवरचं पावसाचं पाणी. लोक हसायचे आणि हसता हसता गळक्या पाइपाची तक्रारही करायचे. रस्त्यानं जाताना पोरं तिला 'नल्ली अक्का' म्हणायची. नल्ली म्हणजे इकडं नळ.

मग उन्हाळ्यात एक नवी टूम निघाली. माणूस अगदी मयताला आल्यासारखं तोंड करून वाईट बातमी सांगायला लागतो, आणि ऐकणारा घाबरला की एकदम ढोल वाजतो आणि नाच सुरू. साहेब म्हणाले, हे घेऊ या. पवित्रानं घेतलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "के. आर. पुरमच्या नागरिकांना कळवायला दुःख होतं, की आजपासून तुमचा नळ कोरडा राहील." आमच्याच भागाचं नाव, तेवढं ऐकून मी उठले. मागचं ऐकायला थांबले कुठं? घरातले हंडे, पातेली, लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा भरून ठेवली, शेजारणींनाही ओरडून सांगितलं. ढोल त्यानंतर होता. ढोल वाजला की ही नाचत यायची आणि म्हणायची, असं ऐकायचं नसेल तर गळका नळ आजच बदला. संध्याकाळी गल्लीनं माझी जी थट्टा केली ती केली. पण व्हिडिओ असा चालला, असा चालला, की मंत्र्याच्या भाषणालाही तेवढे लोक नसतील.

आता जे झालं ते त्याच महिन्यातलं.

आमच्याकडं पाणी एक दिवसाआड सकाळी येतं. ते जमिनीतल्या टाकीत पडतं. तिला इकडं संप म्हणतात. मग ज्याच्या त्याच्या सोयीनं मोटर लावून ते वर चढवायचं. त्या दिवशी पाणी आलं, संप भरले, नोकरदार मंडळी कामाला गेली. समोरच्या भाग्यलक्ष्मीच्या घरी मात्र गडबड होती. तिच्या मुलीचं, श्वेताचं, पहिलं बाळ, आणि संध्याकाळी बारसं. मी जेवून जरा आडवी झाले होते तेव्हा पवित्राचा फोन आला.

मोटर लावली का, हे तिचं पहिलं बोलणं. मी म्हटलं, अजून नाही. तर म्हणाली, लावू नका, सकाळच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलंय. दोन गल्ल्या पलीकडं उलट्या सुरू झाल्यात. व्हॉल्व्ह बंद केला, पण तुमच्या सगळ्यांच्या संपात जे पडलंय ते तेच आहे.

मी उठून बसले. मग विचारलं, "खरं सांग बाई, मागनं ढोल तर वाजणार नाही ना?"

मग ती म्हणाली, "अज्जी, तुम्ही पण?"

त्या दोन शब्दांनी मला कळलं की पोरगी कुठल्या संकटात आहे. तिनं तासाभरापूर्वीच ऑफिसकडून व्हिडिओ टाकला होता. तेच तोंड, तोच आवाज, सकाळचं पाणी पिऊ नका. लोकांनी खाली हसरी तोंडं टाकली. ढोल कधी, ढोल कधी, असं विचारत बसले. ढोल आला नाही तर कुणीतरी स्वतःच जोडला आणि ढोलासकट पुढं पाठवला. खरी बातमी थांबली आणि ढोलाची गावभर गेली.

ऑफिसात काय चाललं होतं ते तिनं मला मागाहून सांगितलं. साहेब म्हणाले, दुसरा व्हिडिओ कर आणि सुरुवातीलाच सांग की ही गंमत नाही. ती म्हणाली, सर, सगळे असंच सांगून सुरुवात करतात. मग लाउडस्पीकरची गाडी पाठवायचं ठरलं, तर गाडी कोरमंगल्याला कसल्यातरी उद्घाटनाला गेलेली आणि येताना ट्रॅफिकमध्ये अडकलेली. शेवटी ती म्हणाली, जिथं पाइप फुटलाय ते दाखवू या. साहेबांचा चेहरा उतरला. फुटलेला पाइप आपला, खोदणारी माणसं आपली, ते दाखवायला वरची परवानगी पाहिजे. ते वर फोन लावत बसले. वरचे मीटिंगमध्ये होते. संध्याकाळ होत आलेली, लोक घरी यायला निघालेले. घरी आलं की माणूस पहिल्यांदा मोटरचं बटण दाबतो.

इकडं मी साडी नीट करून भाग्यलक्ष्मीच्या घरी गेले. दारातच मोठं पातेलं. गूळ, लिंबू, वेलची, सुंठ घालून पानक केलेलं. आमच्याकडं बारशाला, लग्नाला, रामनवमीला हे पानक लागतंच. वास असा सुटला होता की गटार काय, त्यात समुद्र मिसळला असता तरी कळलं नसतं. मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, हे पाणी कुठलं. संपातलं, म्हणाली, आज सकाळी आलेलं, ताजं.

मी पवित्राचं बोलणं सांगितलं. ती हसायला लागली. फोन काढून मलाच ढोलाचा व्हिडिओ दाखवला. आलेल्या बायका मान वाकवून बघायला लागल्या. मी म्हटलं, अगं तिनं मला स्वतः फोन केला. त्यावर ती काय म्हणाली? "अज्जी, आता तेच तर चाललंय. म्हाताऱ्या माणसांना फोन करून घाबरवायचं आणि ते रेकॉर्ड करून टाकायचं. उद्या तुमचा चेहरा सगळ्या बंगळूरच्या हातात."

बायका हसल्या. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर शंकाही आली. हंडे भरलेलं आठवलं. तरी पाय तिथून निघत नव्हता. भाग्यलक्ष्मीचा नवरा शिवकुमार टॅक्सी चालवतो, माणूस समजूतदार. त्यानं संपाचं झाकण उघडून वास घेतला. म्हणाला, पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास येतो, रोजचाच. झाकण लावून टाकलं.

पाहुणे यायला लागले. भाग्यलक्ष्मीच्या माहेरचे वादिराज मामा आले, सगळी नोकरी सरकारी कचेरीत केलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. तिनं पहिला पेला त्यांना दिला. दुसरा भरायला घेतला तेव्हा मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात ठेवला.

"स्वल्प, जरा थांब," मी म्हटलं.

"अज्जी, हात काढा. शुभ कार्यात असं करतात?"

"बाळाला याच पाण्यानं आंघोळ घातलीस?"

तिचं तोंड वाकडं झालं. असलं बोलणं बारशाच्या घरी कुणी करत नाही, मला कळत नव्हतं असं नाही. बायकांचं हसणं थांबलं आणि त्या माझ्याकडं बघायला लागल्या, म्हातारी बिघडली म्हणून. पण मी हात काढला नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून श्वेता म्हणाली, "अम्मा, पवित्राक्का लाइव्ह आलीय."

सगळे तिच्या पलंगाभोवती जमले. ढोल ऐकायलाच जमले म्हणा. पण फोनमध्ये पवित्राचा चेहरा नव्हता. एक खड्डा होता. कडेला ऑफिसचा पिवळा बोर्ड, आत दोन माणसं गुडघाभर पाण्यात, आणि ते पाणी काळं, वर फेस आलेलं. पिण्याच्या पाण्याचा पाइप चिरलेला, त्याच्याच अंगाला गटाराचा फुटलेला. आवाज तिचा होता, पण तो घोगरा नव्हता. धाप लागलेली माणसं बोलतात तसा. गल्ल्यांची नावं एकेक घेत होती. त्यात आमचीही आली.

मागनं एका पुरुषाचा आवाज, बंद कर ते, परवानगी आलेली नाही. फोन हलला, पण बंद झाला नाही.

मग ती म्हणाली, "ही चूक आमच्या ऑफिसची आहे. खोदताना आमच्याच माणसांनी पाइप फोडला, आणि आम्ही न बघता सकाळी पाणी सोडलं. ते तुमच्या संपात आहे. पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका, लेकरांना आंघोळ घालू नका."

ढोल वाजला नाही. बाळ कुरकुरलं तेवढंच.

वादिराज मामांच्या हातात पेला होता, निम्मा संपलेला. त्यांनी तो सावकाश खिडकीत ठेवला.

"खरं आहे," ते म्हणाले.

भाग्यलक्ष्मी म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं, मामा?"

"ऑफिस स्वतःची चूक कबूल करतंय. माझी सगळी नोकरी सरकारात गेली, हे वाक्य मी कधी ऐकलं नाही. गमतीतसुद्धा असं कुणी म्हणणार नाही."

त्यानंतर कुणाला काही समजवावं लागलं नाही. शिवकुमारनं आधी मोटरचा फ्यूज काढला आणि दारोदार सांगत सुटला. भाग्यलक्ष्मीनं पातेलं एकटीनं उचललं आणि गटारात ओतलं. गूळ, लिंबू, पहाटेपासूनची मेहनत, सगळं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ओतताना हात थांबला नाही. मग आत गेली, बाळाला उराशी धरलं आणि त्याचं अंग हुंगत बसली. सकाळची आंघोळ कालच्या साठवणीच्या पाण्यातली होती, हे श्वेतानं दोनदा सांगितलं तेव्हा तिनं मान वर केली. वादिराज मामांचे पुढं जे हाल झाले ते मी लिहीत नाही. मोठे आहेत, आणि आता बरे आहेत.

दिवेलागणीला टँकर आला. बारसं उशिरा झालं, पण झालं. पाळणा हलत असताना पवित्रा दारात आली. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, तसाच ओढणीलाही. भाग्यलक्ष्मीनं तिला काही विचारलं नाही, काही म्हणालीही नाही. टँकरच्या पाण्यानं तिचे पाय धुतले, आत आणलं आणि डाळीची कोसंबरी, लिंबाचं चित्रान्न वाढून केळीचं पान समोर ठेवलं. पोरगी खाली मान घालून खात होती. मी विचारलं, साहेब काय म्हणाले. म्हणाली, काही नाही, नुसते गाडीत बसून निघून गेले.

अर्धं पान झालं असेल, फोन वाजला. साहेबच. घरात गोंगाट होता म्हणून तिनं स्पीकर लावला. आम्ही गोंगाट करायचं थांबवलं.

उद्या ऑफिस उघडताच हजर राहायचं, परवानगी नसताना लाइव्ह का केलं याचा जबाब द्यायचा. सगळं एका सुरात, वाचून दाखवल्यासारखं. सरी सर, सरी सर, म्हणजे बरं सर, असं ती म्हणत गेली. तिच्या हातातला घास हातातच राहिला. करार गेला, हे तिच्याही मनात आलं असणार आणि माझ्याही.

मग साहेब थांबले. खोकले. म्हणाले, रेल्वे फाटकापलीकडची वस्ती त्याच पाइपावर आहे. मघाशी समजलं. आम्ही तिथं नोटीस टाकली, व्हिडिओ टाकला, गाडीही पाठवली. लोक म्हणतात, खड्डा दाखवा. म्हणतात, ती मुलगी कुठं आहे.

पवित्रानं घास पानावर ठेवला.

"तू जवळच आहेस ना?" ते म्हणाले. "आत्ता जाशील?"

"चूक आपली आहे असं म्हणू ना, सर?"

साहेब पुन्हा खोकले.

"म्हण," साहेब म्हणाले. "फक्त कुणाचं नाव घेऊ नको."

"नाव कशाला, सर. ऑफिस म्हटलं की पुरे."

तिनं फोन ठेवला आणि उठली. मी म्हटलं, पान तरी संपव. ती म्हणाली, परत येऊन खाते अज्जी, तिकडं लोक आत्ता कामावरून घरी येत असतील. शिवकुमार टॅक्सीची किल्ली घेऊन आधीच बाहेर गेला होता. भाग्यलक्ष्मीनं पानावर दुसरं पान पालथं घातलं आणि ते देवघरापाशी, कुणाचा पाय लागणार नाही अशा जागी नेऊन ठेवलं.