फळ्यावरची थीम

आमच्या रत्नागिरीच्या हायस्कूलचे इंग्रजीचे सर धडा वाचण्याआधीच त्याची थीम फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, “उतरवा. मार्क तिथेच आहेत.” कॉलेजात गेल्यावर या घोकंपट्टीविरुद्ध मी पत्रक काढलं आणि पहिली प्रत त्यांनाच द्यायला त्यांच्या वर्गात गेलो. वादळात सापडलेल्या नावाड्याचा धडा चालू होता. फळ्यावर थीम होती, ‘करेज’. हर्णे बंदरावरून आलेली एका मच्छीमाराची मुलगी उठली. “सर, तो घाबरलाय. माझे बाबा पण घाबरतात, तरी समुद्रात जातात.”

सरांनी तळहातानेच ‘करेज’ पुसलं. “मग तू लिही,” म्हणत खडू तिच्या हातात दिला.

तास संपल्यावर त्यांनी माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. “खरं लिहिलंयस. पण इतक्या वर्षांत कोणी उठलंच नाही रे.”

त्याच वर्गात तीन वर्षं मीही बसलो होतो. मान खाली घालून उतरवत होतो.