कमरेत घेतलेला वेटसूट

वेटसूटला टक्स घालायचे नसतात. शिवणकामाच्या पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं असतं तरी त्या बाईने वाचलं नसतं. ती बाई म्हणजे मीच, नुकती निवृत्त झालेली. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत उभा जन्म शिवण शिकवल्यामुळे अंगाला नीट न बसलेलं काहीही दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईच्या ब्लाउजचा खांदा उतरलेला असला, तर ही मनातल्या मनात तो उसवून पुन्हा लावायची. उतरायचा स्टॉप निघून गेला तरी चालेल.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी स्कूबा शिकायचं ठरवलं. म्हणजे मी ठरवलं आणि हे ‘बरं’ म्हणाले. आमच्या ह्यांनी लग्नाला होकारही याच एका शब्दात दिला होता, असं सासूबाई सांगायच्या. कोर्स मालवणच्या बाजूला केला, माझ्या वडिलांच्या गावच्या पाण्यात. पाणी इतकं गढूळ की आपलाच हात पुढे केला तर ओळख पटवावी लागे. शिकवणारा म्हणाला, खरं प्रवाळ बघायचं असेल तर मालदीवला जा, आठवडाभर बोटीवर राहा. जेवण तिथेच, झोपणं तिथेच, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीला टाकी लावून समुद्रात उडी. एका जागचं बघून झालं की बोट पुढच्या जागी जाते. आणि तिथे मांटा दिसतो.

मांटा म्हणजे आपल्या पाकटाचा थोरला चुलता. पाकट मी लहानपणापासून लालबागच्या बाजारात पाहत आले, पण पंख कापलेला, पाटावर पसरलेला. आई त्याचं सुकं करायची. हा प्राणी पाण्यात पंख हलवत जातो, असं कोणी म्हटलं की मला ते बाजारातलं धूड आठवायचं आणि विश्वास बसायचा नाही. तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बाकीचे रंगीत मासे फुकटात दिसले तर दिसले.

आता वेटसूट, म्हणजे पाण्याखाली ऊब राहावी म्हणून घालायचा अंगाबरोबर सूट. भाड्याच्या वेटसूटमध्ये माणसं पाण्याखाली काय करतात, हे कोर्सच्या पहिल्याच दिवशी कळलं होतं, तेव्हा दुसऱ्याचा घालायचा प्रश्नच नव्हता. मी नवा मागवला. खांद्यात बरोबर आला, पण कमरेत ढगळ आणि बाह्या लांब. ह्यांना त्यांचा पहिल्या फटक्यात बसला. हे साच्यातून काढलेले आहेत, ह्यांना सगळंच बसतं.

मी सूट पिशवीत घातला आणि हिंदमाताला माझ्या ब्लाउजवाल्या मास्टरांकडे गेले. त्यांनी तो जाड, रबरी स्पंजासारखा प्रकार हातात घेऊन दाबून पाहिला.

“बाई, गादी आहे का?”

“पाण्यात घालायचा आहे. कमरेत घ्या. मागून दोन टक्स द्या, लांब. बाह्या दोन बोटं कमी.”

“गळा असाच ठेवायचा? जरा उतरवून देऊ?”

“गळा राहू दे.”

“मग निदान पायपिंग तरी. साधा दिसतो हो.”

आम्ही दोघांनी मिळून त्या सूटवर जी हुशारी केली ती काय सांगू. मी स्वतः खडूने खुणा केल्या. मास्टरांनी जाडी सुई लावली, दुहेरी शिलाई मारली, वर इस्त्री करू का म्हणून विचारलं. घरी येऊन मी तो घातला आणि पंख्याखाली घामाघूम होत आरशासमोर वळून वळून पाहिलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या बाईला कंबर परत मिळाली होती. तिने बहिणींना फोटोही पाठवले. समुद्राखाली आपली कंबर कोण बघणार आहे, हा विचार तिला शिवला नाही.

मालदीवच्या बोटीवरची पहिली बुडी. पाणी निळंशार, खाली प्रवाळाची भिंत, माशांचे थवे. हे सगळं मी पाहिलं असणार, कारण समोरच होतं. मला आठवते ती पाठीवरून उतरणारी गार धार. दोन्ही टक्सच्या टोकांतून दोन धारा, बरोबर कमरेत एकत्र यायच्या. वर आले तेव्हा ओठ जांभळे.

आमचा गाइड तिथलाच, पन्नाशीचा, हिंदी सफाईदार. त्याने माझ्या पाठीवरच्या शिवणीवर बोट दाबलं आणि पाणी पिळून निघालं.

“आंटी, ये किसने सिया?”

“मेरे टेलर ने. बहुत अच्छा टेलर है.”

“अच्छा तो है. लेकिन ये ब्लाउज नहीं है.”

मग त्याने समजावलं. वेटसूटमध्ये आत शिरलेलं पाणी तिथेच अडकून अंगाच्या उबेने गरम होतं, म्हणून शिवणी चिकटवलेल्या असतात आणि टाका आरपार नेत नाहीत. आम्ही सुईने हजार भोकं पाडून ठेवली होती. पाणी कोमट असलं तरी दिवसभर आत-बाहेर वाहत राहिलं की अंगातली ऊब घेऊन जातं. बोटीवर एक जास्तीचा सूट होता. तो घाल म्हणाला. ती बाई म्हणाली, नको, दुसऱ्याचा मी घालत नाही. अजून ऐकू येतं मला ते तिचं नाक वर करून बोलणं.

दुसऱ्या दिवशी मी आत दोन टी-शर्ट घातले. ते भिजून आणखी गार. तिसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन तो जास्तीचा सूट मागितला, तर एका बाईच्या सूटची चेन तुटली म्हणून तो सकाळीच तिला गेला होता. ह्यांनी आपला काढून दिला. “घाल माझा.” तो माझ्या पायांपाशी असा गोळा झाला की मी पोत्यातल्या शर्यतीला उभी आहे असं वाटावं. त्यातून पाणी तर बादलीने आत आलं असतं.

चौथा दिवस मांटाचा. एका खडकापाशी ते अंग साफ करून घ्यायला येतात, छोटे मासे त्यांच्या अंगावरचं सगळं टिपून खातात. सकाळच्या पहिल्या बुडीनंतर माझे दात वाजत होते ते गाइडला शिडीवरूनच ऐकू गेले असावेत.

“आंटी, आज नहीं.”

“अरे, मैं इसके लिए ही आयी हूँ.”

“कांपते हुए नीचे नहीं जाने का. शरीर धोखा देगा.”

“मैं ठीक हूँ.”

“कप पकड़ के दिखाओ.”

चहा माझ्या मांडीवर सांडला. सगळे छोट्या होडीत बसून गेले. हेही गेले, मीच रागाने म्हटलं होतं, निदान तुम्ही तरी बघून या. मी टॉवेल गुंडाळून डेकवर बसले. लांब पाण्यावर बुडबुडे येत होते. त्या बुडबुड्यांच्या खाली काय चाललंय, या विचाराने माझा इतका जळफळाट झाला की थंडीच गेली.

परत आले ते सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत. मी माझं माणूस गाठलं.

“दिसला?”

“हो.”

“किती होते?”

“तीन-चार.”

“कसे होते?”

“मोठे.”

“अहो, मोठे म्हणजे?”

ह्यांनी डोकं पुसता पुसता खरोखर विचार केला. “बरेच मोठे.”

बाकीच्यांनी फोटो दाखवले. फोटो मी घरबसल्याही पाहिले होते. मला सांगणारं माणूस हवं होतं, आणि नशिबाने दिलं ते हे. पुढच्याच वर्षी माझ्या कानाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी पाण्याखाली जायला कायमची बंदी केली. म्हणजे माझा मांटा जो काय आहे तो ह्यांच्या डोक्यात, आणि तिथून बाहेर काही पडत नाही. मी वाढताना विचारलं, चालताना विचारलं, झोपेत बोलतील म्हणून तेही करून पाहिलं. पंख चादर झटकल्यासारखे हलतात की हातपंख्यासारखे? “मधलं काहीतरी.” या माणसाने क्रिकेटचा सामना सांगायला घेतला तर दोन तास संपत नाही.

मागच्या महिन्यात नात आमच्या करी रोडच्या घरी राहायला आली होती. मी स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होते. बाहेर तिने ह्यांना विचारलं, “आबा, मांटा चावतो?”

“नाही गं. तो डोक्यावरून गेला ना, तेव्हा अंधार झाला. दुपारी दुकानाचं शटर ओढावं तसा. पोटावर काळे डाग होते, शाई झटकल्यासारखे. मग वळला, आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत बघत गेला. आपण कोण, कुठले, सगळं माहीत असल्यासारखा.”

माझ्या हातातली कोळंबी हातातच राहिली. मी दारात आले. ह्यांनी वर पाहिलं.

“स्वयंपाक झाला का गं?”

“ते राहू दे. पुढे काय झालं?”

“पुढे काही नाही. आलो वर.”

तेव्हापासून मी पोरीला फोनवरून प्रश्न पढवते आणि ह्यांना फोन करायला लावते. मी काय विचारलं तर तोंड बंद, तिने विचारलं तर गंगा वाहते. परवा तिला सांगितलं, शेपटीचं विचार. पाकटाची असते तशी लांब होती का, विचार.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. “आजी, आबा म्हणाले शेपटी नाही बघितली. ते आधीच वर आले होते. म्हणाले, तू एकटी कुडकुडत बसली होतीस.”

“मग लवकर का नाही आले माझ्याजवळ?”

“होडी सगळ्यांना घेऊनच निघणार होती ना. ते तिच्यात बसून राहिले.”

मी फोन ठेवला. हे बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होते. समुद्राच्या तळाशी मांटा गोल गोल फिरतोय, टाकीत अर्धी हवा आहे, आणि हा माणूस वर येऊन रिकाम्या होडीत बसतो. इकडे मी बुडबुडे बघत जळतेय, तिकडे हा. आमच्यातल्या एकाने तरी तो प्राणी शेवटपर्यंत बघायला नको होता का?

“शेपटी बघून आला असतात तर मी काय मरणार होते?” मी म्हटलं.

ह्यांनी पान उलटलं.