प्रेमदासची लाल रेघ

समुद्रपूरच्या प्रेमदासला कुणाला माफ करणं जमत नाही, आणि मला तो त्यासाठीच आवडतो.

सोनं शोधणाऱ्या एका लहान कंपनीत तो दगड सांभाळायचा. शेजारच्या जिल्ह्यात बोअर मारायचे. आतून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या इथल्या जुन्या कापूस गोदामात यायच्या. प्रेमदास त्या तुटल्या तिथे जुळवायचा, सगळ्यांवरून एकच लाल रेघ ओढायचा आणि पेटीवर सही करायचा. मालक पियुषने कधी कांडी हातात धरली नाही. त्याला खाण खोदायचीच नव्हती. सोनं दाखवून कंपनी एखाद्या मोठ्याच्या गळ्यात मारायची होती.

चार वर्षांपूर्वी तीन नंबरच्या बोअरची, सोनं नुसत्या डोळ्यांना दिसेल अशी वीतभर कांडी गायब झाली. पियुषने आळ प्रेमदासवर घेतला. पोलिसांनी घर झाडलं, बायकोचा, कांताचा, पिठाचा डबासुद्धा अंगणात उपडा केला. सापडलं काहीच नाही. नोकरी गेली आणि गाव त्याला ‘सोनेवाला’ म्हणू लागलं, तेही लग्नाच्या पंगतीत.

यंदा एक मोठी कंपनी अशा लहान कंपन्या विकत घेत सुटली आणि पियुषचा नंबर लागला. तीन नंबरच्या जागेचा पट्टा त्याने केव्हाच सोडला होता. आता सगळी किंमत सात नंबरवर होती. तपासणीला येणाऱ्या सुरभी मॅडमची अट होती, पेट्यांवर ज्याची सही आहे त्यानेच त्या उघडायच्या. पियुषचा फोन आला. “प्रेमदासभाऊ,” म्हणाला. पूर्वी नुसतं ‘अबे’ म्हणायचा.

गोदामात सात नंबरची पेटी उघडताच प्रेमदासला ती हरवलेली कांडी दिसली. पियुष शेजारीच उभा होता, बाजूला घेऊन सांगता आलं असतं. त्याऐवजी मॅडम येईपर्यंत प्रेमदासने पियुषचा चहा चवीने प्यायला.

मग त्याने मॅडमसमोर कांड्यांवर पाणी ओतलं. ओल्या दगडावर लाल रेघ उठून दिसली आणि त्या तुकड्यापाशी अंगठाभर बाजूला सरकली.

“मॅडम, हा तुकडा इथचा नाई.”

त्याने तीन नंबरची पेटी ओढली, तुकडा मोकळ्या जागी ठेवला. तो घट्ट बसला, रेघही सरळ झाली.

“चार वर्षं हा होता कुठे?” सुरभीने फोटो काढत विचारलं.

“ते सायबाले विचारा. माह्या घरचं तं पीठही पोलिसाईनं चाळलं.”

सौदा तिथेच मोडला. पियुष गाडीपाशी गयावया करू लागला, “काय पाहिजे तुले?”

“घरी येजो. चोर कोन होता ते कांताले सांगजो. नाई आला, तं मी मॅडमनं काढलेले फोटो घेऊन ठाण्यात जातो.”

संध्याकाळी पियुष आला. कांताने त्याचं सगळं ऐकून घेतलं, पिठाचा डबा आणून त्याच्यासमोर उपडा केला आणि म्हणाली, “भरा.”

गल्ली जमली होती. पियुष खाली बसला. प्रेमदास आत जाऊन खुर्ची घेऊन आला, स्वतःसाठी.