वर्सोव्याच्या पेट्या आणि माझा शून्याचा रकाना

घाटकोपरला मेट्रोत बसले आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर मोठ्यानं हसले. शेजारची बाई दचकली. पण करणार काय? आमच्या सांगोल्यात बसच्या टपावर बसलं तरी एवढ्या उंचावरून लोकांची घरं दिसत नाहीत! इथं मी गार हवेत बसून लोकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या तुळशी बघत अंधेरीकडं निघाले होते. एका गॅलरीत आजोबा बनियनवर उभे राहून दात घासत होते. मी त्यांना हातसुद्धा केला. त्यांनी ब्रश हलवला, देवाशपथ!

कामही सांगते. शेती आणि उपजीविकेच्या योजना चालतात की नाही हे गावोगाव जाऊन तपासायचं, ही माझी नोकरी. आठ वर्षं डाळिंब, शेळ्या आणि गांडूळखत बघतेय. यंदा आमच्या साहेबांनी खरिपाच्या पाहणीतच मुंबईतला एक गट घातला : वर्सोवा कोळीवाड्यातल्या बायका. त्यांना मासळी सुकवायला उन्हावर चालणाऱ्या काचेच्या पेट्या दिल्या होत्या. नियम सोपा. मागच्या सात दिवसांत पेटीत किती माल सुकवला ते लिहायचं. रकान्यात शून्य आलं, तर पेट्या उचलून दुसऱ्या गावच्या गटाला.

वर्सोवा स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "कोळीवाड्यात सोडा." तो म्हणाला, "ताई, मच्छी घ्यायला चाललात? बंद आहे आत्ता. ऑगस्टमध्ये या ना!" मी म्हटलं, मला मच्छी नको, पेट्या बघायच्यात. त्यानं आरशातून माझ्याकडं असं बघितलं, की मी ओळखपत्रच बाहेर काढलं.

कोळीवाड्याच्या तोंडाशी वास आला. आहाहा म्हणू की अगं बाई म्हणू, कळेना. नाकाला रुमाल लावावा असं वाटलं, पण पाहुणी म्हणून गेलेय, शोभेल का? मी तोंड उघडून श्वास घेत चालू लागले. सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. आणि गटाच्या प्रमुख चांगुणाबाय दारात वाटच बघत होत्या. साठीच्या, अंबाड्यात अबोलीचा गजरा आणि आवाज पलीकडच्या आळीत जाईल असा.

"आयलीस का गो? सांगोल्याशी आयलीस? च्या घे पयला!"

चहा झाला आणि आम्ही गच्चीवर पेट्या बघायला गेलो. पहिलीचं झाकण मी मोठ्या थाटात उघडलं. आत शाळेचे मोजे. दुसरीत मोजे आणि एक गंजी. तिसरीत लंगोट, कुणाच्या तरी नातवाचे, नीट रांगेत वाळत घातलेले.

मला हसू आवरेना. बायकाही आधी हसल्या, मग घाईनं मोजे गोळा करू लागल्या. चांगुणाबायंनी गंजी पदराखाली लपवली.

"पावसान काय वालतच नाय," त्या हळू म्हणाल्या. "होऱ्या (होड्या) किनाऱ्याव. म्हावरा (मासळी) कुठचा सुकवाचा? तू पेट्या न्येवाला आयलीस ना?"

माझं हसणं तिथंच विरलं. आमची वाट लागली होती, म्हणजे त्यांची. पावसाळ्यात दर्यावर जायला बंदी असते, हे त्या रिक्षावाल्यालासुद्धा माहीत होतं. आम्ही शहाणी माणसं मात्र ज्वारी-बाजरीचं कॅलेंडर घेऊन कोळ्यांच्या दारात आलो होतो! टॅबवरचा फॉर्मही शेतीचाच. 'घरी बैल किती?' हे भरल्याशिवाय तो पुढं सरकेना.

"बैल?" चांगुणाबायंची सून खो खो हसली. "लिवा, एक. माझा नवरा!"

पुन्हा सगळ्या हसल्या. मी मात्र 'सात दिवसांत सुकवलेला माल : ०' लिहिलं आणि रकाना लालभडक झाला.

पण फॉर्म अजून संपला नव्हता. शेवटचं पान खाण्यापिण्याचं असतं. 'काल सकाळपासून रात्रीपर्यंत घरात काय काय खाल्लं?' हे घरोघर जाऊन विचारायचं. तर निघाले.

पहिल्या घरात : सुक्या जवळ्याची चटणी, भाकरी. दुसऱ्यात : बोंबलाचं कालवण. तिसऱ्यात : सोड्यांची (सुक्या कोळंबीची) खिचडी, तीही दोन वेळा, कारण पोरांनी परत मागितली. पाचवं घर चांगुणाबायंचं, तिथं पोचेपर्यंत माझ्या डोक्यात घंटा वाजायला लागली.

"हे सुकं कधीचं?"

"मे महिन्यापरत (मेपर्यंत) पेटीन सुकवलेला," चांगुणाबाय म्हणाल्या आणि खाटेखालचे पत्र्याचे डबे ओढून काढले. गच्च भरलेले! "आदी वालूव (वाळूवर) सुकवाचो. कावले न्यायचे, दातान वालू करकर करायची, आनि आषाढान किडे. अवंदा बघ, एक किडा दाखव."

अगं बया! मी तिथंच जमिनीवर बसकण मारली. ज्या बंदीत पेट्या रिकाम्या होत्या, त्याच बंदीत प्रत्येक घर पेटीतलं खात होतं. मग मला ताट वाढलं. तांदळाची भाकरी, वर भाजलेले बोंबील, कांदा. नाकाचं भांडण पहिल्या घासाला मिटलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, लाज सोडून.

हात धुऊन साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आकडा शून्य आहे ना? मग शून्यच जाणार."

"साहेब," मी म्हटलं, "उन्हाळ्यात ज्वारीच्या रानात ज्वारी दिसली नाही, तर ती पिकलीच नाही म्हणाल, की घरातली कणगी बघाल?"

बायका माझ्या तोंडाकडं बघत उभ्या. चांगुणाबायंनी माझं मनगट घट्ट धरलेलं.

"डब्यांचे फोटो पाठव," साहेब म्हणाले. "आणि ताटांचेसुद्धा. पेट्या राहू देत. पुन्हा पाहणी मासेमारी चालू झाल्यावर."

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. कुणी माझ्या केसात गजरा खोवला, कुणी गाणं धरलं, आणि मला नाचता येत नाही हे कुणीच ऐकून घेतलं नाही. घसरून पडलेसुद्धा, उठवून पुन्हा नाचवलं.

परतीच्या बसमध्येही मी एकटीच हसत होते. सोबत बोंबलांचं पुडकं, त्यामुळं शेजारची सीट सांगोल्यापर्यंत रिकामी.

पंढरपूरच्या अलीकडं उसाची रानं लागली आणि हसू थांबलं. दोन वर्षांपूर्वी आमच्याच तालुक्यातल्या एका वस्तीवर गेले होते. बायकांच्या गटाला कडबा कापायचं यंत्र दिलेलं. दारांना कुलपं, यंत्रावर धूळ. त्या सगळ्या हंगामापुरत्या ऊसतोडीला गेल्या होत्या. मी कुलपांचे फोटो काढले, शून्य लिहिलं आणि जेवायच्या वेळेला घरी पोचले. पुढच्या महिन्यात यंत्र उचललं गेलं. तेव्हा माझं मनगट धरायला तिथं कुणीच नव्हतं.

उद्या त्या वस्तीवर जातेय. यंत्र परत मिळेल का, माहीत नाही. पण त्या बायकांना यंत्र का गेलं हे कुणी सांगितलं नसणार, ते मी सांगणार आहे.